घाट उतरण्यापूर्वी ब्रेक ऑइलची खबर घ्या

कोल्हापुरातून कोकणात जायचे म्हणजे घाट चुकत नाही. रत्नागिरीकडे जाताना आंबा घाट, राजापूरकडे अणुस्कुरा, वैभववाडीकडे करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीमार्गे फोंडा आणि आजऱ्याकडून सावंतवाडीला जाताना आंबोली. कोणतीही वाट धरली तरी सह्याद्रीची धार उतरावीच लागते. घाट न उतरणाऱ्यांनाही पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर आहेच. अशा प्रवासाला निघण्यापूर्वी आपण चाकांतील हवा पाहतो, इंधन भरतो, काच पुसण्याचे पाणी पाहतो, बोनेटला लिंबू-मिरचीही बांधतो. मात्र ज्या पाव-अर्धा लिटर द्रवाच्या भरवशावर चार-पाच जणांचे कुटुंब घेऊन आपण तो उतार उतरणार असतो, त्या ब्रेक ऑइलकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. गाडी घेतल्यापासून ते एकदाही न बदललेली वाहने रस्त्यावर कमी नाहीत.

हे ऑइल बदलणे आणि ब्रेकमधील हवा काढणे हे काम नीट समजून घेतले तर साध्या रचनेच्या गाडीवर घरच्या अंगणातही करता येते. उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वाढलेल्या या शहराला पान्याची आणि जॅकची भीती नाही. परंतु ब्रेकचे काम आणि हॉर्न बदलण्याचे काम यांत मोठा फरक आहे. येथील चूक अंगणात दिसत नाही, ती उतारावर दिसते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी त्यामागील शास्त्र, कामाची रीत आणि कोठे थांबावे याची मर्यादा, या तिन्ही गोष्टी माहीत असणे आवश्यक आहे.

पायाचा जोर चाकापर्यंत

मोटारीतील आणि डिस्क ब्रेक असलेल्या मोटारसायकलीतील ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती ब्लेझ पास्काल याचा नियम त्याचा पाया आहे. आपण पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांतील ऑइलवर दाब येतो आणि तो चारही चाकांपाशी असलेल्या कॅलिपरच्या किंवा व्हील सिलिंडरच्या दट्ट्यांना बाहेर ढकलतो.

समजा, पायाने २० किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट होऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो झाला. त्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर आणि कॅलिपरच्या दट्ट्याचे २० चौरस सेंटिमीटर असेल, तर चाकापाशी ५०० किलोचा जोर मिळतो. मोटारीत व्हॅक्यूम बूस्टरची मदत असल्याने प्रत्यक्षात तो याहूनही अधिक असतो. मात्र जोर जितक्या पट वाढतो, तितक्या पट अंतर कमी होते. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या तीन सेंटिमीटर सरकला, तर सगळ्या चाकांना मिळून जेमतेम १२ घनसेंटिमीटर ऑइल पुढे जाते, म्हणजे अडीच चमचे. एवढ्या लहान हिशेबात कोठे तरी दोन-चार घनसेंटिमीटर हवा शिरली, तर पायाचा सारा जोर ती हवा आकसण्यातच खर्ची पडतो. द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र सहज आकसते. पेडल स्पंजासारखे लागते ते यामुळे.

द्रवाच्या दाबावर चालणारे चारही चाकांचे ब्रेक प्रवासी मोटारीत प्रथम आणले ते अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने, १९२१ मध्ये. माल्कम लॉकहीड हा या तंत्राचा जनक. त्या काळच्या ब्रेक ऑइलमध्ये चक्क एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे. आज वापरात असलेल्या द्रवाचा तेलाशी संबंध उरलेला नाही, तरी गॅरेजच्या भाषेत नाव मात्र 'ब्रेक ऑइल' असेच राहिले आहे. हे नाव दिशाभूल करणारे आहे. तेलच आहे असे समजून टाकीत इंजिन ऑइल किंवा अन्य कोणतेही खनिज तेल टाकले, तर ब्रेकमधील रबरी सील फुगतात आणि अल्पावधीत मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचे सगळे रबर बदलण्याची पाळी येते.

पाणी शोषणारे 'तेल'

आजचे ब्रेक ऑइल मुख्यत्वे ग्लायकॉल इथर या वर्गातील रसायनांचे असते. हवेतील बाष्प ओढून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. टाकीच्या झाकणाला हवा जाण्यासाठी ठेवलेल्या सूक्ष्म वाटेतून आणि रबरी होजच्या भिंतीतूनही बाष्प हळूहळू आत जाते. गाडी उभी असली तरी हे थांबत नाही. आपल्याकडे जूनपासून तीन-चार महिने हवा दमट असते आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात तर पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. तेव्हा कोरड्या मुलखातील गाडीपेक्षा येथील गाडीच्या ब्रेक ऑइलने अधिक पाणी प्यायलेले असणे स्वाभाविक आहे.

या पाण्याने दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे सिलिंडर आणि दट्ट्ये आतून गंजू लागतात. दुसरी आणि अधिक धोक्याची म्हणजे ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. 'डॉट ३' या प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. 'डॉट ४'साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर 'डॉट ५.१'साठी २६० आणि १८० असे आहेत. म्हणजे डबीवरील मोठा आकडा सील फोडल्या दिवसाचा असतो. दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या ऑइलने त्यावर हक्क सांगू नये.

ऑइल काळपट झाले म्हणजे खराब आणि मधाच्या रंगाचे म्हणजे चांगले, ही समजूत अर्धीच खरी आहे. काळपट ऑइल बदललेच पाहिजे, पण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकते, कारण विरघळलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरानंतर ऑइल बदलण्यास सांगतात. दोहोंपैकी जे आधी येईल ते धरावे.

उताराचा हिशेब

घाटात नेमके काय होते ते पाहू. माणसे आणि सामान धरून १२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर तिची सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते. ही उष्णता १८ लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी आहे, म्हणजे अंघोळीचा एक बंबच झाला. यातील काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांत जातो, काही इंजिन पेलते. बाकीचा सगळा भार ब्रेकच्या चकत्यांवर येतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरवणाऱ्याने इंजिनाचा वाटा स्वतःहून सोडून दिलेला असतो. यात इंधनाची बचत होते हाही गैरसमजच आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन लागतच राहते.

सतत ब्रेक दाबत उतरलेल्या गाडीच्या चकत्यांचे तापमान ३०० अंशांपलीकडे जाऊ शकते. ती उष्णता पॅडमधून दट्ट्यात आणि दट्ट्यातून ऑइलमध्ये झिरपते. जुन्या ऑइलमधील पाण्याची वाफ होऊ लागली की मूळ आकाराच्या कैकपट जागा ती व्यापते. साध्या वातावरणीय दाबाखाली पाण्याच्या एका थेंबाची वाफ सुमारे सोळाशे पट जागा घेते. वाफ हवेसारखीच आकसते. पेडल दाबले की ते जमिनीला टेकते आणि चाकाला काहीही कळत नाही.

यातील फसवा भाग असा, की हे पुष्कळदा उतरताना न होता घाट उतरून चहाला थांबल्यानंतर होते. गाडी चालत असताना चकत्यांना वारा लागत असतो. थांबल्यावर तो बंद होतो आणि चकतीतील साठलेली उष्णता कॅलिपरकडे सरकत राहते. दहा मिनिटांनी गाडी सुरू करून पुढच्या वळणावर पाय ठेवावा, तर पेडल खाली जाते. घाट संपल्यावर पायथ्याशी लगेच न थांबता सपाटीवर चार-पाच किलोमीटर सावकाश गाडी चालवून मग थांबण्याची जुन्या चालकांची सवय शास्त्राला धरून आहे.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. पेडल घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड अतितप्त झालेले असतात. पेडल खोल जाते तेव्हा दोष ऑइलमध्ये किंवा गळतीत असतो. दोन्ही वेळा खालचा गिअर टाकावा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा आणि दरीऐवजी डोंगराच्या बाजूला गाडी घ्यावी. पेडल खोल जात असेल तर ते भराभर दाबत राहावे, त्याने थोडा दाब परत मिळू शकतो. इंजिन बंद करू नये, कारण त्याबरोबर बूस्टरची मदतही जाते.

आधी निदान, मग पाना

पेडलची प्रत्येक तक्रार हवेची नसते. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर हवा आहे असे समजावे. पहिल्या दाबात खोल जाते, पण लागोपाठ दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होते, तेव्हा मागच्या ड्रममधील ब्रेक शू झिजून अंतर वाढलेले असण्याची शक्यता जास्त असते. तेथे आधी शूची जुळणी करावी लागते, हवा काढून उपयोग होत नाही. पेडलवर पाय स्थिर ठेवला असता ते सावकाश खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे किंवा कोठे तरी गळती आहे. हे काम घरचे नव्हे.

टाकीतील पातळी उतरलेली दिसल्यावर वरून ऑइल ओतून मोकळे होण्याची घाई करू नये. पॅड झिजतात तसे दट्ट्ये बाहेर येतात आणि पातळी थोडी उतरते, हे नैसर्गिक आहे. तेव्हा पॅडची जाडी पाहावी. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर ऑइल कोठे तरी बाहेर पडत आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, हे पाहून गाडी थेट गॅरेजला न्यावी.

हवा काढणे आणि ऑइल बदलणे ही एकाच रीतीने होणारी, पण वेगळ्या हेतूची कामे आहेत. हवा काढताना बुडबुडे थांबेपर्यंतच ऑइल सोडायचे असते. बदलताना प्रत्येक नळीतून जुने ऑइल पूर्ण निघून ताजे येईपर्यंत सोडावे लागते. केवळ टाकीतील ऑइल उपसून नवे भरणे म्हणजे बदलणे नव्हे. पाणी आणि उष्णता यांचा सामना होतो तो चाकापाशी आणि तेथे जुनेच ऑइल राहिलेले असते.

साहित्याची जुळवाजुळव

टाकीच्या झाकणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते. त्याच प्रतीचे, सीलबंद ऑइल घ्यावे. मोटारीला साधारण एक लिटर पुरते, मोटारसायकलीच्या एका ब्रेकला पाव लिटरही पुष्कळ होते. मागच्या वर्षी उघडलेली अर्धी डबी वापरू नये, तिने कपाटात बसूनच पाणी शोषलेले असते. 'डॉट ५' आणि 'डॉट ५.१' यांची गल्लत करू नये. 'डॉट ५' हे सिलिकोनचे असते आणि ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते कदापि मिसळायचे नसते.

याशिवाय ब्लीडर निप्पलच्या मापाचा रिंग पाना, निप्पलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली, टाकीतील ऑइल उपसण्यासाठी नवी सिरिंज, कोरडे फडके, पाण्याची बादली, हातमोजे आणि चष्मा एवढे लागते. सलाइनची स्वच्छ, कोरडी नळी किंवा माशांच्या पेटीची नळी या कामाला चालते. पाना रिंगचाच हवा. उघड्या तोंडाच्या पान्याने निप्पलचे कोपरे गोल होतात आणि मग साधे काम अवघड होऊन बसते.

जागा सपाट आणि पक्की हवी. गल्लीतील उतार किंवा पावसाने मऊ झालेले अंगण नको. जॅकवर उचललेल्या गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. पक्का लोखंडी स्टँड लावावा. विटा आणि दगड यांचा टेकू विश्वासाचा नसतो, वीट अचानक फुटते. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडणी लावावी. ब्रेक पूर्ण थंड झालेले असावेत आणि दिवस कोरडा असावा.

प्रत्यक्ष कृती

प्रथम टाकीचा परिसर पुसून घ्यावा, म्हणजे धूळ आत पडत नाही. सिरिंजने टाकीतील जुने ऑइल उपसावे, मात्र तळाची भोके उघडी पडतील इतके नव्हे. नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून झाकण नुसते ठेवून द्यावे.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याचा सर्वसाधारण नियम आहे. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत उजव्या मागच्या चाकापासून सुरुवात दाखवतात, कारण तेथे चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे मास्टर सिलिंडर बहुधा उजवीकडे असल्याने डावे मागचे, उजवे मागचे, डावे पुढचे आणि उजवे पुढचे असा क्रम होतो. काही गाड्यांत ब्रेकच्या नळ्या तिरक्या जोडीने विभागलेल्या असतात आणि उत्पादक वेगळा क्रम सांगतो. पुस्तिकेत तसा उल्लेख असेल तर तोच पाळावा.

निप्पलवरील रबरी टोपी काढून तो पुसावा, पाना अडकवावा आणि मग नळी चढवावी. बाटलीत तळाशी थोडे ताजे ऑइल घेऊन नळीचे दुसरे टोक त्यात बुडवून ठेवावे. नळीचा बाक निप्पलच्या वर जाईल असा ठेवला की बुडबुडे वर चढतात, परत आत जात नाहीत.

आता दोन माणसांचे काम सुरू होते. एकाने चालकाच्या आसनावर बसावे, दुसऱ्याने चाकापाशी. इंजिन बंद असावे. चाकापाशी बसलेल्याने 'दाबा' म्हणताच पहिल्याने पेडल सावकाश दाबून तसेच धरून ठेवावे आणि 'दाबले' असे सांगावे. मग निप्पल पाव ते अर्धा फेरा सैल करावा. ऑइल नळीतून बाहेर येईल आणि पेडल खाली जाईल. पेडल खालीच धरलेले असताना निप्पल घट्ट करावा आणि त्यानंतरच 'सोडा' म्हणावे. निप्पल उघडा असताना पाय उचलला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे श्रम वाया जातात. साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे. आसनावर घरातील कोणीही बसू शकते, मात्र स्वतःच्या मनाने पाय न उचलण्याइतके धीराचे माणूस हवे.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवावा, म्हणजे ते पूर्ण तळाला जात नाही. रोजच्या वापरात दट्ट्या ज्या भागात कधी पोहोचत नाही, तेथे सिलिंडरमध्ये गंज आणि गाळ साठलेला असतो. एकदम तळापर्यंत दाबल्यास त्यावर घासून सील फाटण्याचा संभव असतो. चांगल्या ब्रेकवर काम केले आणि दुसऱ्या दिवशी मास्टर सिलिंडर गेला, अशा तक्रारींचे मूळ अनेकदा यात असते.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहावी. पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये. टाकी रिकामी झाली तर हवा वरूनच शिरते. नळीत बुडबुडे दिसेनासे होऊन ताज्या ऑइलचा स्वच्छ रंग आला की निप्पल नेमका घट्ट करावा, टोपी बसवावी आणि पुढच्या चाकाकडे वळावे. निप्पल आवळताना जोर दाखवू नये. तो पोकळ असतो आणि मोडला तर कॅलिपर उतरवावा लागतो. सुरुवातीलाच निप्पल हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल आट्यांवर सोडून रात्रभर ठेवावे. तरीही हलला नाही तर हट्ट सोडावा.

कितीही ऑइल सोडले तरी पेडल मऊच राहत असेल, तर निप्पलची जागा पाहावी. तो कॅलिपरच्या वरच्या बाजूला असायला हवा, कारण हवा वर साठते. दुरुस्तीत डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन निप्पल खाली आला असेल, तर तेथून हवा कधीच निघणार नाही.

मोटारसायकलीची रीत

पुढच्या डिस्कसाठी कृती हीच आहे, पेडलऐवजी हाताची मूठ असते इतकेच. टाकी मात्र एवढी लहान असते, की मोजक्या दाबांतच रिकामी होते. दर तीन-चार दाबांनंतर तिच्याकडे पाहावे. हँडल असे वळवावे की टाकी आडवी, समपातळीत राहील. पेट्रोलच्या टाकीवर जाड फडके पसरावे. ब्रेक ऑइल रंग खाते, एक थेंब काही मिनिटांत डाग पाडतो. सांडलेच तर नुसते पुसू नये, लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

कोणत्या गाडीला हात लावू नये

अँटिलॉक ब्रेक, म्हणजे एबीएस असलेल्या गाडीत ऑइल बदलताना टाकी कधीच रिकामी होऊ दिली नाही, तर वरील रीत बहुधा पुरते. पण त्याच्या यंत्रणेच्या आत एकदा हवा शिरली की तिच्या झडपा संगणकीय उपकरणाने चालवूनच ती काढावी लागते. हे उपकरण घरी नसते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाल्यापासून (नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ आणि उर्वरितांना १ एप्रिल २०१९ पासून) हा प्रश्न मोटारसायकलस्वारांचाही झाला आहे. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे ब्रेक संगणकाशी जोडलेले असतात, ते सर्व्हिस सेंटरलाच सोपवावेत. एसटी आणि मालमोटारी यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्यांना यातील काहीच लागू नाही. धातूच्या नळीवर गंजाचे पापुद्रे, होजला भेगा किंवा कोठेही ओल दिसली, तर तेथेच काम थांबवावे.

गाडी बाहेर काढण्यापूर्वी

टाकी वरच्या खुणेपर्यंत भरावी, झाकण घट्ट लावावे. इंजिन बंद ठेवून पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते घट्ट राहिले पाहिजे, सावकाश खाली जाता कामा नये. दुसऱ्याने त्या वेळी चारही निप्पल कोरडे आहेत का ते पाहावे. मग पेडल दाबूनच इंजिन सुरू करावे. बूस्टर चालू होताच पेडल किंचित खाली जाते, तो दोष नव्हे. चाके बसवून, नट आवळून, मोकळ्या सपाट मैदानात चालण्याच्या वेगाने दहा-बारा वेळा ब्रेक लावून पाहावा. हँडब्रेकवर हात असू द्यावा. नंतरचे दोन-तीन दिवस गावातच गाडी चालवावी, पातळी पुन्हा पाहावी आणि मगच घाटाचा विचार करावा. शनिवारी सायंकाळी काम करून रविवारी पहाटे गणपतीपुळ्याला निघणे हा शहाणपणा नाही.

जुन्या ऑइलचे काय करायचे?

बाटलीत जमलेले ऑइल कितीही स्वच्छ वाटले तरी परत टाकीत ओतू नये. ते गटारात तर मुळीच टाकू नये. कोल्हापुरातील नाल्यांचे पाणी शेवटी पंचगंगेला मिळते आणि त्या नदीच्या पदरात आधीच पुष्कळ पडलेले आहे. हे द्रव्य पोटात गेल्यास विषारी असते. म्हणून थंड पेयाच्या बाटलीत ते भरून ठेवण्याची सवय घातक आहे, लहान मुलाला त्यातील फरक कळत नाही. बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, झाकण घट्ट लावावे आणि वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावी. इंजिन ऑइलच्या डब्यात ते मिसळू नये, दोन्हींची विल्हेवाट वेगळी असते.

आपल्याकडे खंडेनवमीला वाहने आणि हत्यारे धुऊन-पुसून पुजली जातात. पाऊस त्या सुमारास ओसरत आलेला असतो आणि ऑइलने पावसाळ्याचे बाष्प नुकतेच शोषलेले असते. दरवर्षी त्याच्या आदल्या रविवारी टाकीतील पातळी, ऑइलचा रंग आणि पॅडची जाडी पाहावी आणि दर दुसऱ्या वर्षी, कोरडा दिवस बघून, ऑइल बदलावे. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती बोनेटच्या आत चिकटवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी आठवणीवर विसंबावे लागत नाही. खर्च काहीशे रुपयांचा आणि वेळ एका सकाळचा आहे. स्वतः करणे जमणार नसेल तर आपल्या विश्वासातील मेकॅनिककडून करून घ्यावे, मात्र तो केवळ टाकी भरून देत आहे की चारही निप्पल उघडत आहे, हे शेजारी उभे राहून पाहावे.